इम्पोर्टेड परात

प्रिय दिलीप,

रविवार, ८ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात पाहून ठेवली होती. मोहाडीच्या तहसील कार्यालयात उभा जन्म काढलेली बाई आधी घड्याळ बघते, रडायचं असेल तर मग रडते. त्या मिनिटाला तू भंडाऱ्याच्या मैदानावर, गाड्यांच्या प्रदर्शनाच्या भरल्या मंडपात, माइक हातात धरून आपल्या आईला नाकारलंस.

'प्रिय' हा शब्द सवयीने लिहिला गेला आहे. त्यावर फार जाऊ नकोस.

तुला जाऊन चाळीस दिवस झाले. तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आले, बसले, वंदना म्हटली, जेवले आणि परत आले. एक शब्द बोलले नाही. मेलेल्या भावाशी भांडू नये, इतपत रीत मला कळते. मग आज काय झालं? काल तुझी बायको आली, हातात कागद घेऊन.

"ताई, तुमचं शुद्धलेखन चांगलं आहे ना, एकदा पाहून द्या," शोभा म्हणाली. "शनिवारी पेंटर येऊन राहिला."

तुझ्या मित्रांनी ठरवलंय म्हणे. तुझी गाडी शहापूरला तुझ्या वर्कशॉपसमोर, हायवेच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली कायमची उभी करायची आणि मागे पाटी लावायची. त्या पाटीचा हा मजकूर: 'कालकथित दिलीप यांनी स्वहस्ते बांधलेली हॉट रॉड गाडी. सजावटीचे सर्व साहित्य अमेरिकेतून मागविलेले.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, दिलीप. ऱ्हस्वदीर्घ सगळं जागच्या जागी. खोटं तेवढं दीड फुटी अक्षरांत रंगवायचं बाकी आहे.

अमेरिकेतून? कोण गेलं होतं अमेरिकेला? तू तर रायपूरच्या पलीकडे गेला नाहीस!

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी कापून-जोडून नव्याने बांधलेली, हे मला तूच सांगितलं होतंस. आठवतं का, ती आधी कशी दिसायची? जुन्या जीपची चेसिस आणलीस, टप कापलास, इंजिन उघडं ठेवलंस, मागे ट्रॅक्टरसारखी जाड चाकं लावलीस. चालत होती, यात वाद नाही. वेल्डिंग तुझ्यासारखं जिल्ह्यात कुणी करत नव्हतं, हे मी आजही सहीनिशी लिहून देईन. पण दिसायला? रस्त्याच्या कडेला टाकून दिलेला पाण्याचा टँकर! आणि खिशातले पैसे इंजिनातच संपलेले.

मग तू मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ लावून माझ्या दारात आलास. पन्नाशी उलटलेला माणूस, कपाळाला ग्रीस.

"ताई, हा गोरा काय म्हनून राहिला, सांग ना मले."

"तो म्हणतोय, रंगाला पैसे नसतील तर गंज लपवू नकोस. गंज घासून सारखा कर आणि त्यावर जवसाचं तेल चढव."

"जवसाचं तेल? आपलं खायचं?"

"खायचंच. गोऱ्याला काय ठाऊक आपण त्यात चटणी कालवतो!"

किती हसला होतास तू. वंदनेच्या फुलांसारखा ओंजळीत धरून माझ्या घरातला तेलाचा डबा नेलास. तीन दिवस आपण दोघांनी जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यांनी तो पत्रा पुसला. एक हात, वाळू द्यायचं, दुसरा हात. चौथ्या दिवशी सकाळी तो गंज कातासारखा लाल-तपकिरी चमकत होता आणि तू गाडीभोवती नुसता फिरत होतास.

टायरवरचे पांढरे पट्टे कुणी काढले? मी. पाटावर बसून. जॅकवर चढवलेलं चाक तू हळूहळू फिरवायचास आणि मी ब्रश एका जागी धरून ठेवायची. पुढची जाळी कशाची? माझ्या लोखंडी पलंगाच्या उशाकडची कमान. त्या दिवसापासून माझी उशी भिंतीला टेकते! सीटवर मोहाडीच्या हातमागाची चादर; शिवली मी, टाके माझे. आणि डॅशबोर्ड?

डॅशबोर्डपाशी जरा थांबू.

आई सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये पोळ्या लाटायची. त्यावर मला कॉन्व्हेंटमध्ये शिकायला मिळालं. पहिल्या पगारातून तिने काय घेतलं? ना लुगडं, ना डोरलं. भंडाऱ्याच्या बाजारातून पितळेची परात. मी बरोबर होते, सात वर्षांची. दुकानदाराने नाव ठोकायची छिन्नी उचलली आणि विचारलं, "मालकाचं नाव काय?"

आई म्हणाली, "पैसे माहे, नाव माहंच घाल."

'गिरजाबाई'. टिपक्या-टिपक्यांनी, काठावर. पुढे सौ. नाही, मागे बाबांचं नाव नाही. आपल्या घरातल्या कुठल्याच बाईचं नाव त्याआधी कशावर लिहिलं गेलं नव्हतं. मतदार यादीत सुद्धा तिला 'गीरजा' केलं होतं. परातीवर मात्र बरोबर होती.

ती परात मी तुला दिली. सपाट कर, मीटरची भोकं पाड, मला काही म्हणायचं नाही. एकच अट घातली होती, नाव दिसलं पाहिजे. तू काय म्हणालास?

"ताई, नाव ड्रायव्हरच्या समोरच येईन असं बसवतो. चालवनाऱ्याले दर टाइमाले माय दिसन."

आणि तसं बसवलंस सुद्धा! शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. रविवारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गाडी चढवून तू मैदानावर नेलीस, कारण असली गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी मिळत नाही. मी इस्त्रीची साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसले. निवेदक तुझ्या गाडीत डोकावला आणि ओरडला, "अरे वा! हा डॅशबोर्ड तर जबरदस्त आहे! कुठून आणला, भाऊ?"

तू आधी माझ्याकडे बघितलंस. हे मी विसरणार नाही. तू मला शोधलंस, पाहिलंस आणि मग म्हणालास, "अमेरिकेहून मागवला, सर. इम्पोर्टेड पीस आहे."

टाळ्या पडल्या.

मी उठून गाडीपाशी गेले. काठावर नाव नव्हतं. बफिंगच्या चाकावर धरून तू ते साफ उडवलं होतंस. त्या जागी पितळ इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यात माझंच तोंड दिसत होतं. काय तोंड होतं ते! मी तिथून सरळ बसस्टँडवर गेले आणि मिळाली ती एसटी धरली.

त्यानंतर तू रोज फोन केलास. एकोणीस दिवस. मी उचलला नाही. रिंग पूर्ण वाजू द्यायची आणि मग फोन पालथा घालायची. विसाव्या दिवशी सकाळी फोन शोभाचा होता.

मला पश्चात्ताप होतो का? होतो. चहाचं आधण ठेवताना होतो, कुणाचाही फोन वाजला की होतो. पण तो माझा आहे. त्याच्या आडून तू सुटशील, असं समजू नकोस. मरणं म्हणजे माफी मागणं नव्हे!

काल मी शोभाला स्पष्ट सांगितलं, ही पाटी अशी लागणार नाही. ती खुर्ची ओढून बसली.

"ताई, वर्कशॉपवरचे लोकं त्याईले चिडवत होते ना. 'दिलीपभाऊ, गाडी चालवता का भाकरी थापता?' म्हनत. परातीची गाडी, परातीची गाडी करून सोडलं होतं."

"मग?"

"मंग काय, लाज वाटली त्याईले. शनिवारी बसून घासलं."

"लोक हसले म्हणून आईला घासलं?"

"तुमी असं बोलता मंग कसं वाटते, ताई! मेल्या मानसाची अब्रू काहून काढता? मले त्याच गावात राहाचं आहे."

"आणि मेलेल्या बाईचं नाव काढलं, ते चाललं?"

ती चहा तसाच ठेवून गेली. बिचारी. तिच्यावर माझा राग नाही. पण तिचं उत्तर मला पटलं नाही, दिलीप. लोक तुझ्यावर जन्मभर हसले. तुझ्या वाकड्या इंग्रजीला हसले, दुचाकीला नांगर जोडलास तेव्हा गावभर हसले. तू कधी एक नटबोल्ट बदलला नाहीस. मग या वेळीच लाज कुठून आली?

मला दुसरीच शंका येते. तुला लहानपणापासून वाटायचं, आईने ताईला कॉन्व्हेंटला घातलं आणि मला वेल्डिंगला लावलं. अरे, तिथे मुलगे घेत नसत! किती वेळा सांगितलं तुला? आई सिस्टरांच्या पाया पडली होती तुझ्यासाठी, हेही सांगितलं. तू दर वेळी "हो, हो" म्हणायचास आणि हातोडी उचलायचास. म्हणून घासलंस का ते नाव? इतक्या वर्षांनी तिच्यावर सूड उगवलास? की माझ्यावर?

लाज होती की सूड? हे मी तुला फोनवर विचारू शकले असते. एकोणीस वेळा विचारू शकले असते.

आता मी काय केलंय, ते ऐक. आज सकाळी भांडेबाजारात गेले, नाव ठोकणाऱ्या म्हाताऱ्याला रिक्षात घातलं आणि शहापूरला नेलं. शोभाने मुकाट्याने शटर उघडलं. म्हाताऱ्याने काठावर बोट दाबून पाहिलं आणि मान हलवली.

"बाई, इथं पितळ लई पातळ झालं. ठोकलं का भोक पडन. दुसरीकडं घाला."

"कुठे?"

"मधातच जागा आहे आता."

मग मधोमध घातलं. दोन्ही गोल मीटरांच्या बरोबर वर, बोटभर उंचीची अक्षरं. तू तिला कोपऱ्यात सुद्धा राहू दिलं नाहीस, म्हणून ती मध्यावर आली. बघ आता चालवून!

राहिली पाटी. मजकूर मी नव्याने लिहिला आहे. जवसाचं तेल, पलंगाची कमान, हातमागाची चादर, ब्रशने काढलेले पट्टे, सगळं नोंदवलंय. थोडक्या पैशात गाडी कशी सजवावी, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल. वेल्डिंगबद्दल तुझं कौतुक पहिल्याच ओळीत आहे. आणि शेवटची ओळ अशी: 'डॅशबोर्ड ही गिरजाबाई यांची परात आहे. ती परदेशी असल्याचे दिलीप यांनी जाहीरपणे सांगितले होते. ते खोटे होते.'

हायवेवरून जाणारा प्रत्येक ट्रकवाला ते वाचेल. शोभा वाचेल, रोज. मला ठाऊक आहे. अक्षर वळणदार आलं आहे.

तरीही तुला न ऐकता निकाल देणं माझ्या नोकरीत बसत नव्हतं, आजही बसत नाही. म्हणून तुला कळवण्यात येतं की या शेवटच्या ओळीवर हरकत असल्यास ती लेखी द्यावी. स्वप्नात येऊन सांगितलेलं चालणार नाही. शोभाच्या तोंडून, मित्रांच्या तोंडून चालणार नाही. तोंडी तू काय बोलतोस, ते मंडपाने ऐकलं आहे. माझा प्रश्न एकच आहे: लाज की सूड? लाज असेल तर तसं लिही. वचन देते, पेंटरसमोर उभी राहून ती ओळ मी स्वतः गाळीन आणि पुन्हा कुणापाशी हा विषय काढणार नाही. सूड असेल तरी लिही. तेही मी ऐकून घेईन.

लाइटच्या मीटरचा अर्ज, वर्कशॉपच्या कर्जाचा अर्ज, लग्नाआधी शोभाला पाठवलेली ती दोन पत्रं सुद्धा, तुझं सगळं आजवर मीच लिहिलं. तू खाली सही करायचास. हे एक मी लिहून देणार नाही. तुझ्या अक्षरात पाहिजे. चुका असल्या तरी चालतील, मी तपासणार नाही. दोन ओळी पुरेत.

शुक्रवार, १० एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत.

तुझी ताई,
सुमन
निवृत्त अव्वल कारकून