सड्यावरचं ‘नको’

११ ऑगस्ट
पाटणहून घाट चढताना दोनदा जीप थांबवली. पुढचं काही दिसेना. सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, पोचले तर पवनचक्क्यांचे नुसते बुंधे, वरचं सगळं धुक्यात. पाती दिसत नाहीत, घुईघुई मात्र ऐकू येते.
आजपासून साइटची इनचार्ज मी. माझ्या आधीचे मानेसाहेब मार्चमध्ये गेले. कराडला, घरीच, झोपेत. पुण्याचे कुलकर्णी सर म्हणाले, “टीम चांगली आहे, पण माने गेल्यापासून गप्प झालीये. तू तिथं कल्चर तयार कर.” आई फोनवर हसली. “कल्चर म्हणजे काय विरजण आहे का गं?”

१२ ऑगस्ट
शंकरआप्पा, वय पन्नाशीपुढं, फौजेतून आलेले, इथं सर्वांत जुने. सिद्धार्थ वडूजचा, तिशीतला, हसरा. टॉवरवर चढायची जोडी हीच.
सकाळी चढायच्या आधी आप्पांनी वॉकीटॉकीवर सांगितलं, “चढतोय.” मी कंट्रोल रूममधून म्हटलं, “हो, चढा.” तरी दोघं टॉवरच्या दारात तसेच उभे. खिडकीतून दिसत होते. माना खाली, वॉकी छातीशी. मग चढले.
माझ्या परवानगीची वाट बघत नव्हते. मग कुणाच्या?

१४ ऑगस्ट
चहाच्या वेळी सिद्धार्थला विचारलं, चढायच्या आधी दारात का थांबता?
“सवय हाय मॅडम. मानेसाहेब खालनं बोलायचे, कुणाला नको वाटत असंल तर आत्ता सांगा. कुणी नको म्हणलं की सगळ्यांनी माघारी. कारण विचारायचं न्हाई.”
“आता कोण विचारतं?”
“आता कोण न्हाई. आमी नुसतं थांबतो.”

१९ ऑगस्ट
पुण्याहून मूल्यांचा फलक आला. सचोटी, सहकार्य, सुरक्षा. आप्पांनी स्वतः खिळे ठोकून लावला. मीटिंग घेतली. प्रत्येक गोष्टीला “व्हय मॅडम”. ड्यूट्या बदलल्या, “व्हय”. मुद्दाम एक चुकीचं बोलले, त्यालाही “व्हय”. ही शिस्त नाही. मला बाहेरच ठेवलंय.

२३ ऑगस्ट
कंट्रोल रूम सोडली. त्यांच्याबरोबर टॉवरच्या पायथ्याशी गेले, मीही हार्नेसचा पट्टा बांधला. डबाही तिथंच, त्यांच्याबरोबर. चढायच्या आधी मानेसाहेबांचा प्रश्न मी विचारला. “कुणाला नको वाटत असेल तर आत्ता सांगा.”
आप्पांनी चमकून बघितलं. कुणी काही बोललं नाही.
पण माझ्या वॉकीचा हिरवा दिवा लागला. पलीकडून कुणी बटण दाबलं की लागतो तो. या दोघांचे वॉकी कमरेला, हात मोकळे. चौथा वॉकी बिघडलाय, पाटणला दुरुस्तीला दिलाय. दिवा बराच वेळ तसाच. आवाज काही नाही. म्हणजे अगदी नाही असं नाही, कुणीतरी गप्प बसल्यावर जसं...
दमट हवेनं होत असेल, म्हणून तसेच चढलो.

२ सप्टेंबर
हे नीट लिहून ठेवते.
सड्याच्या टोकाची मोठी मशीन, म्हणजे पवनचक्की, बंद पडलेली. सकाळी कुलकर्णी सरांचा फोन. “वाऱ्याचा हंगाम आहे, आजच सुरू पाहिजे.” वारा मोजला, मर्यादेच्या आत. आकाश मोकळं. म्हटलं, करतो.
पायथ्याशी तिघं. मी प्रश्न विचारला. थांबलो.
“नको.”
वॉकीतून. पुरुषाचा, बारीक आवाज. दमलेला.
आप्पा म्हणाले, “सिद्धार्थ, तू बोललास?”
“न्हाई आप्पा. मला वाटलं तुमी.”
मग दोघं माझ्याकडं बघत राहिले. घाबरलेले वाटले नाहीत. मी काय करते, ते बघत होते.
हार्नेस सोडला. म्हटलं, “चला माघारी.”
सरांना तिथूनच फोन केला.
“कोण नको म्हणालं?”
“मी.”
“वारा मर्यादेत आहे ना? मग कारण?”
“कारण विचारायचं नाही असा इथला नियम आहे, सर.”
मग म्हणाले, लेखी खुलासा पाठव.

३ सप्टेंबर
काल काहीच झालं नाही. वावटळ नाही, वीज नाही. दिवसभर लख्ख ऊन. काहीतरी मोडावं, पडावं, म्हणजे मी खरी ठरेन, असं संध्याकाळपर्यंत वाटत होतं. लाज वाटली त्याची.
आप्पा डब्यातली भाकरी मोडून माझ्याकडं सरकवत म्हणाले, “काय झालं न्हाई, ह्येच बरं झालं मॅडम.”

५ सप्टेंबर
तीच मशीन. प्रश्न विचारला, कुणी नको म्हणालं नाही. तिघं चढलो. वर सगळं ठीक, साधा बिघाड, दुपारपर्यंत सुरू. मग त्या दिवशीचं ‘नको’ कशासाठी?
उतरायच्या आधी सिद्धार्थ बसून राहिला. “मॅडम, गेल्या म्हयन्यात मला चक्कर येत हुती. तसाच चढत हुतो.”
“बोलला का नाहीस?”
“नव्या मॅडमना काय वाटंल म्हणून.”
आप्पा त्याच्यावर भडकले. लय बोलले. मग दम घेऊन म्हणाले, “माजा बी गुडघा धरतोय.”
सिद्धार्थला उद्या डॉक्टरकडं. आप्पांना आठवडाभर खालची कामं.

९ सप्टेंबर
मीटिंगमध्ये भांडण. ड्यूट्यांवरून, माझ्याशीच. आप्पा म्हणाले, “न्हाई पटत मॅडम, तुमचं चुकतंय.” सिद्धार्थ तिसरंच बोलत होता. तास गेला. शेवटी माझं निम्मं आणि त्यांचं निम्मं.
आईला सांगितलं. “भांडलात आणि खूश आहेस?” खूश आहे खरी.

१२ सप्टेंबर
सुट्टीत सांगलीला घरी जाताना कराडला उतरले. मानेकाकूंना भेटले. आडून आडून विचारणार होते, सरळच सांगून टाकलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.
“कसा होता आवाज?”
“बारीक. दमल्यासारखा.”
काकूंनी मान हलवली. “ह्यांचा आवाज लय मोठा गं. हाक मारली की गल्ली बघायची. ते नव्हते.”
मला वाटलं होतं, ते असतील तर बरं. आपलंच माणूस. सांगलीपर्यंत बसमध्ये हेच डोक्यात. मग कोण.
आप्पांना सांगायचं का?

१६ सप्टेंबर
सांगितलं, दोघांनाही. लपवायचं नाही म्हणतो ना आपण, मग.
आप्पा म्हणाले, “कोण का असंना, वाईट सांगत न्हाई.”
“पुढं सांगणार नाही कशावरून?”
मी असं विचारलं तसे आप्पा उठून वॉकी चार्जिंगला लावायला गेले.

१९ सप्टेंबर
कुलकर्णी सर स्वतः आले. खुलासा पटलेला नाही. “मला दाखव, कसं काम करता. मीही चढतो.” हार्नेस सफाईनं बांधला, आधी साइटवर काम केलेलं दिसतं. पुन्हा दाट धुकं, शिडीचं दार तेवढं दिसत होतं. त्यांच्या हातात चौथा वॉकी, कालच दुरुस्त होऊन आलेला.
मी प्रश्न विचारला. थांबलो.
माझा दिवा लागला नाही. आप्पा-सिद्धार्थचाही नाही. सरांचा मात्र लागला. त्यांनी वॉकी कानाजवळ नेला. चेहरा बघता बघता उतरला.
“मला नको वाटतंय,” सर म्हणाले.
आप्पांनी एक शब्द न बोलता त्यांचा हार्नेस सोडवला. सिद्धार्थनं पाणी दिलं. चौघंही माघारी आलो. कुणी काही विचारलं नाही.
आम्ही तिघं सरांना पाटणला सोडायला निघालो, तेव्हा घाट उतरताना जीपमध्ये ते हळूच म्हणाले, “मला घरच्या नावानं हाक मारली कुणीतरी. तुमच्यापैकी कुणाला ते माहीत आहे?”
आम्हाला ठाऊक असायचं काही कारण नाही. सरांनी ते नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्या खुलाशाचं काय, तेही बोलले नाहीत.
सोमवारी आज सोडून दिलेलीच मशीन. प्रश्न मीच विचारणार. सिद्धार्थ विचारत होता, कुणीच नको म्हणालं नाही तर किती वेळ थांबायचं. म्हटलं, अजून ठरवलेलं नाही.