रशियाची माघार आणि दादाची रजा

मंगळ., ३ फेब्रु.
दादाची रजा काल संपली. गेला नाही. पेटी बांधलेली, दाराआड. अण्णांना सांगितले, रजा वाढवून मिळाली. मिळालेली नाही. अर्ज मी लिहिला, दादाने फक्त सही करून पलटणीला पाठवला. 'वडील अंथरुणाला खिळून आहेत, सेवेस दुसरे कोणी नाही.' म्हणजे अर्जात मी नाहीच. तीनदा कच्चा लिहून मग पक्का केला. आणि वडील, म्हणजे अण्णा, फौजेतले निवृत्त हवालदार, रोज सकाळी माळापर्यंत पळून येतात. त्यांना कळले तर...

गुरु., ५ फेब्रु.
इतिहासाचा पेपर बुधवारी, केंद्र सांगली. बारावीला सुटलेले शिक्षण; बाहेरून बी.ए., तिसरा प्रयत्न. हमखास प्रश्न : क्रांतीनंतर रशियाने पहिल्या महायुद्धातून माघार का घेतली? गाइडात चार कारणे. सैन्य थकलेले. शहरांत भाकरी नाही. गावाकडे जमिनी वाटल्या जाणार म्हणून शेतकरी शिपाई घरी निघालेले. आणि नव्या सरकारला आधी स्वतः टिकायचे होते, म्हणून केवढा तरी मुलूख सोडून तह.
दादाला वाचून दाखवली. कप दोन्ही हातांनी धरतो, तरी चहा सांडतो. बर्फात त्याच्या शेजारचा जोडीदार गेला, एवढेच सांगितले आहे त्याने.
म्हणाला, "समदी निघाली म्हणून माघार. मी एकटा निघालो तर भगोडा. व्हय का न्हाई रं मास्तर?"
मी गाइड मिटले.

रवि., ८ फेब्रु.
घात झाला. मी दळणाला गेलो होतो. आईने सांगितले ते असे : पोलीस पाटील कागद घेऊन आले. "हवालदार, तुमच्या तब्येतीची चौकशी आलीया वरनं." अण्णांना वाटले, सरकार माजी सैनिकांची विचारपूस करते आहे. अंगणात सावधान उभे राहिले, मग धोतर खोचून पन्नास बैठका मारल्या. वर पाटलांनाच, "आता तुमी धा मारून दावा!" पाटील हसत हसत कागद खिशात घालून गेले. दादा आतून ऐकत होता. ते गेल्यावर बाहेर येऊन त्याने अण्णांना सगळे खरे सांगितले.
मी दळण खाली ठेवतो तोच अण्णा : "तू लिवलास अर्ज?"
"हो."
"मला आजारी पाडलंस, आन् मलाच सांगितलं न्हाईस?"
 

बुध., ११ फेब्रु., सांगली
प्रश्न आला. दहा गुण. चारही कारणे लिहिली, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले. तिसऱ्यापाशी हात अडला. ते शिपाई घरी पोचले तेव्हा त्यांच्या बापांनी दार उघडले का, हे गाइडात नाही.
फोन केला. आई : "ह्यांनी ताट सारलंय बघ. आन् तो पेटीवर बसून असतोय." माझा मुक्काम इथेच, आत्याकडे. शुक्रवारचा पेपर कसा लिहू?

शनि., १४ फेब्रु.
दुपारी घरी आलो. अण्णा बाजेवर, घोंगडी गळ्यापर्यंत. दिवसा आडवे झालेले मी त्यांना कधी पाहिलेले नाही. घाबरून कपाळाला हात लावला. ताप नाही.
डोळे मिटूनच म्हणाले, "पाटलाकडं जा. कागद गेला नसंल अजून. म्हणावं, बैठका मारल्या, तवापासनं म्हातारा पडलाय."
"पाटील मानतील?"
"न मानायला काय? हवालदाराचा शब्द हाय." मग घोंगडी वर ओढत, "आजवर कवा खोटा पडला न्हाई त्यो." दादा पायथ्याशी बसून पाय चेपत होता. अण्णांनी पाय काढून घेतले नाहीत.
पाटलांच्या ओट्यावर बसून हे लिहितो आहे. पाटलीणकाकी म्हणतात, "कोरेगावला ठाण्यावर गेल्यात सकाळीच. कागद? खिशात असंल की. न्हाईतर दिला बी असंल."
साडेपाचची एस.टी. आली. पाटील उतरले नाहीत.