पदवीचं वजन, थोडं इकडेतिकडे

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण कंबर धरली आहे, तेव्हा खुर्चीत बसून घातलेला हा नमस्कार पूर्ण धरावा. तुझा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? (घालत नसशील. पोस्टात तीस वर्षं लोकांची पत्रं वेळेवर पोचवलीस, स्वतःची औषधं मात्र कायम उशिरा.) आम्ही सगळे मजेत आहोत. तुझी भावजय तेवढी गेले तीन रविवार माझ्याशी नीट बोलत नाही. ते का, हे सांगायलाच पत्र लिहायला घेतलं.

चिवीने, म्हणजे तुझ्या लाडक्या भाचीने, चार वर्षं माझ्या दुकानात पावत्या फाडून झाल्यावर आता मानवशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळवला आहे. तीन वर्षं माणसांचा अभ्यास. ती कशी राहतात, काय बोलतात आणि बोलतात तसं का वागत नाहीत. त्यासाठी सहा लाखांचं कर्ज काढावं लागेल, आणि काढायचं की नाही ते महिनाअखेरपर्यंत ठरवायचं, नाहीतर तिची जागा दुसऱ्याला जाणार. तुझ्या भावजयीचं म्हणणं, माणसं काय, कुठल्याही रांगेत उभं राहिलं की फुकट बघायला मिळतात. शिवाय वरच्या मजल्यावर राहणारा नळदुरुस्तीवाला मुलगा बिनकर्जाचा आहे आणि त्याला बोलवायचं तर आठ दिवस आधी सांगावं लागतं. (हे खरं आहे. आमची मोरी अजून तुंबलेली आहे.) चिवी यावर उठून दुकानात पावत्या लावायला निघून गेली. ती अशी निघून गेली की घर खायला उठतं, ताई.

कॉलेजच्या माहितीपत्रकात पदवीधरांची सरासरी कमाई मोठ्या अक्षरांत छापली आहे. आता मला तू ओळखतेस. चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. काट्यावर काय लिहिलंय यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. आपलं खात्रीचं पितळी वजन ठेवायचं आणि काटा काय दाखवतो ते बघायचं. तेव्हा मी कॉलेजच्या कारकुनाला मस्का लावून जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते मिळवले आणि रविवारी चिवीला घेऊन दारोदार निघालो. प्रश्न तीनच. पगार किती, कर्ज किती घेतलं, फिटलं किती.

पहिल्या घरी दार उघडलं ते इस्पितळात पेशंटच्या नातेवाइकांना समजावून सांगायचं काम करणाऱ्या मुलीने. माझ्या हातात वही, खांद्याला वजनांची पिशवी. (सवय. पिशवीशिवाय मला चालताना तोल सांभाळता येत नाही.) तिला मी करखात्याचा माणूस वाटलो. कसंबसं भागतं म्हणाली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी कुत्रा होता, त्याबद्दल मी लिहिणार नाही. कंबर तिथेच धरली.

तिसऱ्या घरी चिवीच्या सांगण्यावरून पिशवी खाली जिन्यात ठेवली, वही खिशात घातली. तिथला मुलगा घरोघर जाऊन पाहणी करणाऱ्या संस्थेत नोकरीला. तो बाहेर गेलेला, आई घरी. आता तूच विचार कर. रविवारची सकाळ, इस्त्रीचा सदरा घातलेला गृहस्थ, सोबत बावीस वर्षांची मुलगी, आणि गृहस्थ विचारतोय मुलाचा पगार किती. चहा आला, बिस्किटं आली, मुलाचे लहानपणचे फोटो आले. साठ हजार पगार, कर्ज केव्हाच फिटलं. मी खूश होऊन भराभर लिहून घेत होतो, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "मुलगी सगळ्यांशी जमवून घेईल ना?" मी घाईघाईने वही परत खिशात कोंबली. चिवी मात्र शांतपणे तिसरं बिस्किट घेत म्हणाली, "आम्ही लग्नाचं बघायला नाही आलो, काकू. पण फोटो छान आहेत." काकूंनी बशी उचलली.

मी पळायच्या बेतात. पण चिवीने खालच्या मजल्यावर पाणी मागितलं आणि शेजारीणबाईंशी गप्पा मारत बसली. त्यांच्या मते मुलाचा पगार तीस, जेमतेम. इमारतीच्या रंगकामाची वर्गणी मागायला गेल्यावर त्यांना तेवढाच सांगितला होता. फाटकापाशी खुद्द मुलगाच भेटला. चिवीने त्याला सगळं सांगितलं, तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "पंचेचाळीस. कर्जाची दोन वर्षं उरलीत. काम आवडतं मला."

घरी येईपर्यंत चिवीने हिशेब मांडला होता. सोयरिकीला आलेल्याला सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा एक तृतीयांश जास्त, पैसे मागायला आलेल्याला सांगितलेला एक तृतीयांश कमी. ताई, हे तर माझंच काम. काटा दर वेळी तेवढाच चुकत असेल तर तो मी फेकत नाही. चूक किती ते कागदावर लिहून चिकटवतो, की तो काटा खऱ्यासारखा वापरता येतो. माझ्या पोरीने माणसांना तेच केलं. मला इतका आनंद झाला की मी जिन्यात विसरलेली पिशवी आणायला परत गेलो तेव्हा वाटेतल्या त्या कुत्र्याचीही भीती वाटली नाही. पुढच्या दोन रविवारी आणखी नऊ घरं केली, बोलली चिवीच. कर्ज माझ्या हिशेबाने आठ वर्षांत फिटेल, तिच्या हिशेबाने सहा. कमाईत वरचा नळवाला आमच्या दोघांच्याही हिशेबाने पुढेच राहील. राहू दे. मी कर्ज काढायचं ठरवलं आहे. माझा कल तिने पहिल्याच रविवारी ओळखला, म्हणून तर तुझी भावजय बोलत नाही.

गुडघ्याला जप. थेंब घाल.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. बँकेला जामीन लागतो, आणि दुकान भाड्याचं असल्यामुळे माझ्या सहीवर ते समाधानी नाहीत. सोबतच्या कागदांवर चार ठिकाणी पेन्सिलीने फुल्या केल्या आहेत, तिथे सही करावी. कर्ज अगदीच किरकोळ आहे.

ता. क. दुसरा. आत्या, मी चिवी. पत्र पाकिटात घालायला बाबांनी माझ्याकडे दिलं म्हणून हे लिहिते. कर्ज सहा लाखांचं नाही, नऊचं आहे. जामीन मागताना ते आपोआप एक तृतीयांशाने उतरलं. रागावू नकोस, आपण आकडा उतरवला हे बाबांना अजून कळलेलंही नाही. खरा आकडा वाचून मगच सही कर. नाही केलीस तरी मी तुझीच भाची आहे.