मी किंचाळलो नव्हतो

३ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.

मी किंचाळलो नव्हतो. हे आधी लिहून ठेवतो, कारण उद्यापर्यंत घरातली मंडळी इतिहास बदलून टाकतील.

चौकातल्या थिएटरात दर रविवारी दुपारी जुने भयपट लागतात. आज आम्ही चौघं गेलो. मी, बायको, तिची ताई आणि ताईचा नवरा, म्हणजे माझा साडू. पडद्यावरची बाई आरशाचं कपाट उघडते, गोळी घेते, कपाट लावते. आरशात तिच्यामागे कोणीतरी उभं! नेमक्या त्या क्षणी थिएटरवाले पडद्याखालच्या कॅमेऱ्यातून प्रेक्षकांचा फोटो काढतात. मध्यंतरात तो लॉबीतल्या ‘किंकाळी भिंती’वर लागतो. आठवड्याचा मानकरी निवडून त्याचा चेहरा मोठा करतात.

मानकरी: मी.

फोटोत मी बायकोला दोन्ही खांद्यांना धरून माझ्यापुढे ओढलंय असं दिसतं. तिच्या मानेमागून माझा एक डोळा. प्रत्यक्षात मी तिला मागून आधार देत होतो. कॅमेऱ्याला हेतू दिसत नाहीत.

साडू मात्र तिकिटाच्या रांगेत उभा असल्यासारखा. एक पॉपकॉर्न सांडला नाही. फोटो निरखून म्हणाला, “साडूभाऊ, ढाल चांगली निवडलीत.” ताईला इतकं हसू आलं की भिंतीला टेकावं लागलं. त्याच भिंतीला.

बक्षीस म्हणून १७ तारखेच्या खेळाची चार तिकिटं. घेतली. नाकारली असती तर मनाला लागलं असं दिसलं असतं.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, “खरंच कोणी आलं, तर मलाच पुढे करणार ना?”

४ मार्च, सोमवार.

फोटो कारखान्यात पोहोचला. मी तिथे सुरक्षा अधिकारी आहे. नोटीस बोर्डावर माझ्याच सहीची सूचना आहे: ‘संकटकाळी घाबरू नका. आधी शेजारच्याला मदत करा.’ तिच्या शेजारी तो चिकटवलेला. पॅकिंगवाल्या बाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, “साहेब, मॉक ड्रिलला तुमच्या पुढे उभं राहायचं की मागे?”

फोटो काढून टाकला. जेवणानंतर दुसरा होता. रंगीत.

हा फिरवला कोणी? साडूने. पुरावा नाही. लागतही नाही.

निश्चय: सूड. साडू किंचाळताना त्या भिंतीवर लागला पाहिजे. माझ्यापेक्षा मोठ्या चौकटीत.

५ मार्च, मंगळवार.

बायको बोलते, पण कामापुरतं. आज दारावर बेल वाजली तर म्हणाली, “थांबा, मीच जाते पुढे. सवय हवी.” पार्सलवाला होता.

६ मार्च, बुधवार. पहाटे ५.

अभ्यास सुरू. बक्षिसाच्या तिकिटांवर १७ तारखेचा जो सिनेमा आहे, तो कॉम्प्युटरवर मिळाला. साडूला तिथेच गाठणार. सिनेमाची नाडी हातात असलेल्या माणसाला कोण घाबरवणार?

आवाज पूर्ण बंद ठेवून पाहतो. लेकीची परीक्षा आहे.

निष्कर्ष: घाबरवण्याचं शास्त्र अगदी बाळबोध आहे. आधी मांजर, मग माणूस. मांजर उडी मारतं, लोक दचकतात, मग स्वतःलाच हसतात, खुर्चीत सैल होतात. तेवढ्यात खरा घाव. इथे फ्रिज आहे. बाई फ्रिजचं दार उघडते, दूध काढते, दार लावते. दारामागे तो. ४३ मिनिटं १० सेकंद. सलग सहा वेळा पाहिलं. पापणी लवली नाही. चहाही सांडला नाही. ३ तारखेला मला अपचन झालं असणार.

८ मार्च, शुक्रवार.

लेक म्हणाली, “बाबा, आवाज लावा की. मी हेडफोन लावूनच अभ्यास करते.” मी म्हटलं, शेजारी आजारी आहेत. ती म्हणाली, “शेजारी गावाला गेलेत.” मी म्हटलं, तिथे आजारी आहेत.

या मुलीला अभ्यासाचं जरा कमी आणि मोठ्यांचा मान ठेवण्याचं जरा जास्त शिकवायला हवं होतं.

१० मार्च, रविवार.

साडूला फोन. म्हटलं, तिकिटं आहेत, यायलाच हवं. “पुन्हा? तब्येत सांभाळून हो,” म्हणाला. हस बाबा. बोकड माळ घालून घेताना असाच खुशीत असतो.

योजना: साडूच्या शेजारी मी. बेचाळिसाव्या मिनिटाला मोबाईल तयार. पडद्याकडे पाठ, कॅमेरा त्याच्या तोंडावर. भिंतीवरचा फोटो थिएटरचा, व्हिडिओ माझा. मग कारखान्याचा बोर्ड, घरचा ग्रुप, त्याच्या सोसायटीचा ग्रुप. लॅमिनेशनची चौकशी केली.

१३ मार्च, बुधवार.

भोंग्याची चाचणी. ठरल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी वाजवला, मूर्खांनी. माझ्या हातून फाइल पडली. मुद्दाम टाकली, लोकांची दक्षता तपासायला. पॅकिंगवाल्या बाई शेजारी होत्या, त्या झटकन चार पावलं बाजूला सरकल्या. दक्षता चांगली आहे.

१६ मार्च, शनिवार.

तालीम एकविसावी. आता फ्रिजवाला घरचाच वाटतो. बायको मागून पाहत होती. म्हणाली, “मी ताईच्या पलीकडे बसेन.” मी म्हटलं, कशाला? म्हणाली, “खांदे अजून दुखतात.”

खांदे दुखत नाहीत तिचे. दुसरंच काहीतरी दुखतंय. ते उद्या साडूच्या किंकाळीने बरं होईल. सगळेच ओरडतात म्हटल्यावर माझं काय वेगळं राहिलं?

१७ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.

थोडक्यात लिहितो.

बसलो असे: बायको, ताई, साडू, मी. घड्याळ लावलं. मांजर आलं. मी किंचित हललो, पाय आखडला होता. लोक हसले, सैल झाले. सगळं शास्त्राप्रमाणे. मी पडद्याकडे पाठ केली, मोबाईल साडूच्या नाकापुढे धरला. मागे फ्रिजचं दार कुरकुरलं.

कुरकुर अभ्यासात नव्हती. नंतरची शांतताही नव्हती. घरी सगळीच शांतता, ती वेगळी कशी कळणार? आणि मग तो आवाज. तो आवाज माणसाचा नव्हता, वाद्याचा नव्हता, बहुधा कायदेशीरही नव्हता.

मोबाईल पुढच्या तीन रांगा ओलांडून गेला. मी साडूच्या मांडीत. दोन्ही हात त्याच्या गळ्यात, पाय अधांतरी. तो माझी पाठ थोपटत होता.

वर म्हणाला, “काय म्हणालात? थांबा, ऐकू येत नाही.” आणि कानातून कापसाचा बोळा काढला. मग दुसऱ्या कानातून दुसरा!

सापडला! मध्यंतरात, भर लॉबीत, आमचा फोटो चौकटीत जाण्याआधीच मी ओरडून सांगितलं: हा भित्रा आहे, याच्या कानात कापूस असतो! लोक थांबले. साडू शांतपणे म्हणाला, “असतोच की. मला नाही सोसत बुवा.” ताई म्हणाली, “लग्नाआधीच सांगितलं होतं यांनी. मीच पर्समधून देते दर वेळी.” बायको म्हणाली, “तुम्हाला माहीत नव्हतं?”

चौदा दिवस. एकवीस तालमी. सगळ्या गावाला माहीत असलेलं गुपित मी उघडं पाडलं.

मॅनेजरने आणखी चार तिकिटं दिली. म्हणाला, असा प्रेक्षक मिळत नाही.

घरी येताना बायको फोटो आठवून हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. म्हणाली, “चला, या वेळी मला तरी पुढे नाही केलंत.”

ती दोन खुर्च्या सोडून पलीकडे होती, हात पोहोचला नसता, हे मी बोललो नाही. तिला माहीत असावं. कारण मग म्हणाली, “निदान भीती वाटते एवढं म्हणा की एकदा.”

मी म्हटलं, विचार करतो.

१८ मार्च, सोमवार. सकाळी ८.

कारखान्यात जायचंय. बोर्डावर काय असेल याची कल्पना आहे.

मी रोज घड्याळ काढून ठेवतो तिथे, त्याच्याशेजारी, कापसाचे दोन बोळे ठेवलेत कोणीतरी. व्यवस्थित वळलेले. कोणी, ते मी विचारलं नाही. बायको स्वयंपाकघरातून बघत नाहीये असं दाखवत होती.

वापरणार वगैरे नाही. माप बरोबर आहे का, एवढंच पाहिलं.

बरोबर आहे.