शेवटच्या रांगेतली खुर्ची

अहो,
साष्टांग नमस्कार.

काल घरी एक खुर्ची आली. टेम्पोचं भाडं सहाशे, हमालांचे दोनशे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं, एवढ्यात बाल्कनीची दहा तिकिटं आली असती!"

पत्र्याच्या एका थिएटरची अकरा झाली, पण नवं उघडण्याआधी प्रत्येक खुर्चीत स्वतः बसून पडदा नीट दिसतो का, हे बघायची तुमची रीत सुटली नाही. अकराव्यात अर्ध्या रांगा झाल्या आणि तुम्ही बसल्या जागीच गेलात.

त्याला वर्ष झालं. त्या खुर्च्या माणूस उठला की आपोआप मिटतात. पण झाडूवाली सांगायची, "बाई, रोज सकाळी एक उघडी असते. आज कालच्या शेजारची!" मुलगा म्हणे, स्प्रिंग बिघडली असेल. मी रांगा मोजत राहिले. शेवटच्या रांगेत कोपऱ्यातली एकच उरली, तेव्हा हट्ट धरून तीच उखडून आणवली.

काम पुरं झालं की तुम्ही कायमचे जाल, म्हणून.

जिवाला असं अडकवणं पाप आहे, हे कळतं मला. जपात लक्ष लागत नाही. पण घर फार रिकामं आहे हो.

खुर्ची देवघरासमोर ठेवली आहे. अजून मिटलेलीच आहे. इथे येऊन बसणार असाल तर या. पुढे जायची ओढ लागली असेल, तर पुन्हा भाडं भरून ती जागेवर बसवून देईन. काय ते उलट टपाली कळवा.

तुमची,
घरी थांबलेली