दहापैकी गुण, पाळण्याच्या पत्त्यावर

सारंगखेडा, यात्रा मैदान
८ डिसेंबर

चि. काजल हिस,
आकाशपाळण्याच्या वरच्या डब्यातून वाकून अ. उ. आ.

तुझं पत्र आणि दहा प्रश्न मिळाले. वसतिगृहात मोबाइल बंद, आणि पत्रसुद्धा अभ्यासाचं असेल तरच गजराबाई आत सोडतात, हे वाचून आधी हसलो आणि मग आमच्या पाळणेवाल्या रूपचंदशेठकडून वही मागून आणली. गजराबाई, नमस्कार. तुम्हीच आधी वाचणार, म्हणून आधी तुम्हाला. या पत्रात अभ्यास आहे, थोडा शोधावा लागेल एवढंच.

माझा मोबाइलही गेला. परवा पाळण्याला ग्रीस लावायला टोकाला चढलो होतो, तो खिशातून निसटला. वीस मीटर उंची, कुणी ढकललं नाही, म्हणजे मुक्तपतन. दोन सेकंद लागले, खाली टेकताना वेग ताशी सत्तरच्या वर. बाजूला घोड्याच्या चाऱ्याचा ढीग होता, त्यात पडता तर वाचता. पडला लोखंडी फळीवर. पण घोडा काय होता सांगू, पांढराशुभ्र, कान आत वळलेले. मी मालकाला सांगितलं की हा संघ समपृष्ठरज्जू, वर्ग सस्तन. तो म्हणाला, त्याने भाव वाढत असेल तर पाटीवर लिहून दे. दिलं लिहून. दुपारपर्यंत त्याच्याकडेच चहा.

हां, मुद्दा राहिला. आबांनी सांगून टाकलंय की दोनदा विज्ञानात गेलो ते पुरे, आता आखाजीच्या सणापासून इंद्रसिंगकाकांच्या खताच्या दुकानातली खुर्ची सांभाळायची. ती खुर्ची तू पाहिलीयेस. तिचे पाय सिमेंटमध्ये गाडलेत, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. मी गुपचूप पुन्हा फॉर्म भरलाय. पास झालो तर आयटीआयला तारतंत्री, म्हणजे वायरमन, आणि ते झालं की पाळण्याचे सगळे दिवे रूपचंदशेठ माझ्या हाती देणार, गावोगाव. नापास झालो तर खुर्ची. आबांना आणि मायला यातलं काही कळू द्यायचं नाही.

मागच्या पानावर उत्तरं आहेत. लाल शाई जपून वापर.

तुझ्या लोभावर आणि उदार हातावर जगणारा,
ललितदादा


नंदुरबार, मुलींचं वसतिगृह
१७ डिसेंबर

ती. ललितदादा यास,
लाल पेनासकट सा. न. वि. वि.

दहापैकी चार.

मुक्तपतनाला पूर्ण गुण, जरी मोबाइलचं दुःख अभ्यासक्रमात नसलं तरी. न्यूलँड्सच्या अष्टकांना अर्धा, कारण सा रे ग म बरोबर लिहिलंस, पण पुढे यात्रेतल्या बँडच्या सनईवाल्याचं वर्णन आहे. भिंगं आणि विजेचे मिळून अडीच. बाकीचं काय लिहिलंयस ते कळेना. मी सूत्री विभाजनाच्या अवस्था विचारल्या, तू हृदयाचे चार कप्पे काढलेस. काढलेत छान, निर्मला म्हणाली की मिरचीसारखं दिसतंय. निर्मला म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरची, नवापूरकडच्या डोंगरातली. तिला तुझी पत्रं वाचून दाखवावी लागतात, नाहीतर ती माझी खिचडी खाते. होपचं उपकरण विचारलं तर तू लिहिलंस, असं काही नसतं. दादा, असतं. पाणी चार अंशाला सगळ्यात जड होतं ते त्यानेच दाखवतात.

गजराबाईंनी निरोप दिलाय की अभ्यास सापडला, पण फार खोदावं लागलं.

पुढचे दहा सोबत आहेत. जे विचारलंय तेच लिही.

तुझी माया अशीच राहो, अक्षर मात्र बदलो.
काजल


शहादा रस्ता, पाळण्याच्या ट्रकमधून
५ जानेवारी

चि. काजल,
खड्ड्याखड्ड्याला हलणारे अ. आ.

तुझ्यावर मी रागावलोय. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधलं, होप नाही. पहिलं पान म्हणजे सतरावं, त्याच्या आधीची कुणीतरी भजी बांधायला नेलीत. कव्हरही नाही. खांडबाऱ्याच्या आठवडे बाजारात रद्दीवाल्याच्या ढिगात हे मिळालं, मराठीत, दहावीचं विज्ञान, तो छातीला हात लावून म्हणाला. तेव्हा तूच बाहेरचं विचारतेयस. हृदय विचार, मूत्रपिंड विचार, आम्ल-आम्लारी विचार, झोपेत सांगेन.

आम्लारीवरून आठवलं. पुस्तकात आहे की हळद ही दर्शक, साबणाने लाल होते. रूपचंदशेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग होता. मी त्यावर साबण चोळला. लालभडक. शेठला वाटलं रक्त निघालं, ते छाती दाबत खाली बसले. मग मी त्यांना समजावलं की ही रासायनिक अभिक्रिया, आणि लिंबू पिळून डाग परत पिवळा करून दाखवला. चार माणसं जमली, चाळीस झाली. शेठनी तोच सदरा घालून आठ वेळा प्रयोग करायला लावला आणि नंतर सगळ्यांना पाळण्यात बसवलं. मला म्हणाले, तुझं डोकं चांगलंय, नापास कसा होतोस. मलाही तोच प्रश्न आहे.

या वेळी निदान सात दे. इंद्रसिंगकाकांनी खुर्चीला नवी गादी शिवून घेतली, असं माय फोनवर सांगत होती, शेठच्या फोनवर. अंगावर काटा आला.

तुझा, गादी नको असलेला,
ललितदादा


नंदुरबार
१६ जानेवारी

ती. दादास,
लाल पेन बाजूला ठेवून सा. न. वि. वि.

गुण देत नाही. आधी बस कुठेतरी.

तुझं पत्र वाचताना निर्मला मध्येच उठून बसली. तिचा मामेभाऊ दानियल पलीकडे उच्छलला शिकतो, गुजरातेत. सुट्टीत ती त्याचं पुस्तक चाळते. ते गुजरातीत आहे, पण त्यात हृदय, मग मूत्रपिंड, हळदीचा दर्शक, सगळं तुझ्यासारखंच. तुझं पुस्तक गुजरात बोर्डाचं आहे दादा. सुरतेला आपल्याकडची किती घरं राहतात, त्यांची पोरं तिथं मराठी शाळेत जातात, त्यांना तिथलीच पुस्तकं मराठीत मिळतात. त्यातलं एखादं रद्दीतून भुसावळ गाडीने खांडबाऱ्याला उतरलं आणि तुला भेटलं. शेवटच्या पानावर कुणाचा शिक्का आहे ते बघ.

हे ऐकून गजराबाई भिंतीला टेकून हसल्या. त्या हसतात हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं.

आणि एक सांग, आपलं पुस्तक तर तुला दोन वर्षं दिलं होतं. हे ते नव्हे, हे ओळखू आलं नाही, कारण तुझी त्याची कधी भेटच झाली नव्हती, हो ना.

माझी दोन्ही पुस्तकं, भाग एक आणि भाग दोन, उद्या शहाद्याच्या एसटीत कंडक्टरकडे देते. ते आमच्या पाटीलसरांचे भाऊ आहेत. मी आणि निर्मला तिच्या पुस्तकात वाचू. ती मोठ्याने वाचते, मी झाकून सांगते. परत पाठवू नको, वाच. आठ आठवडे आहेत. अर्धं तुझं फुकट गेलंय असं नाही, भिंगं, वीज, आनुवंशिकता दोन्हीकडे आहे. बाकी नव्याने.

तुझ्या खुर्चीची तुझ्याइतकीच धास्ती घेतलेली,
काजल

ता. क. दादा, मी निर्मला. तुमचं हृदय बरोबर होतं, फक्त राज्य चुकलं.


मणिबेली, नर्मदाकाठ
२० फेब्रुवारी

चि. काजल,
बोटीतून अ. उ. आ.

ओरडू नको. शिक्का होता, उधन्याच्या शाळेचा. तुझी पुस्तकं मिळाली आणि पंधरा दिवस मी पाळण्याखालून हललो नाही. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. होपचं उपकरणही पाठ. मग जेठ्या भेटला, तो सौरदिवे बसवतो, त्याला धरायला माणूस हवा होता. म्हणाला, दोन दिवसांचं काम, आणि रस्ता नाही, बोटीनेच जायचं. काजल, बोट म्हटल्यावर मी काय करणार. दोनाचे आठ दिवस झाले. पण पुस्तक सोबत आहे, आणि इथे वीजयुक्त, तटस्थ, भूसंपर्क तारा मी हाताने जोडल्यात. आता त्या मला कुणी उलटं टांगून विचारल्या तरी येतील.

मंगळीबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांच्या घरी आम्ही जेवतो. बोटीतून येताना त्यांनी पाण्याकडे बोट केलं, जेठ्याने मला त्यांचं बोलणं उलगडून सांगितलं: आत्ता आपण त्यांच्या धरणात बुडालेल्या शेताच्या वरून जातोय. पुस्तकात धरणाची आकृती आहे, उंचावर साठवलेल्या पाण्यात स्थितिज ऊर्जा, खाली पडलं की गतिज, मग वीज. मी आकृती त्यांना दाखवली. मग त्यांनी आकृतीत पाण्याच्या तळाशी बोटाने एक रेघ ओढली आणि दिवा लावून दे म्हणाल्या. लावून दिला. त्या दिवशी पुढचं पान उलटलं नाही.

पाळणा तिकडून दोंडाईच्याकडे हलला म्हणे, तुझं पत्र तिथं आलं असेल तर मला मिळालेलं नाही. बारा तारखेला पाठवणार होतीस ना. परीक्षेचं प्रवेशपत्र शाळेतून आणायचंय, तेही राहिलंय. उद्याची बोट नक्की पकडतो.

तुझा, पाण्यावर तरंगणारा,
ललितदादा


मु. धानोरा
२ मार्च

चि. काजल हिस,
आबांचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की,

पोरी, हाई पत्र मन्हं नही, तरी मी वाचं. तू बारा तारखेला पाळण्याच्या पत्त्यावर टाकलेलं पाकीट माणूस सापडला नाही म्हणून मागे लिहिलेल्या पत्त्यावर परत आलं. मागे आपल्या घराचा पत्ता होता. गजराबाई तो लिहायला लावतात असं तू म्हणतेस, चांगलं करतात.

तेव्हा मला सगळं कळलं. फॉर्म कळला, सुरतेचं पुस्तक कळलं, खुर्चीला गादी शिवली तर पोराच्या अंगावर काटा येतो हेही कळलं. मी रागावलो. तुझी माय म्हणे, रागाव, पण आधी दुसरं पान वाच. दुसऱ्या पानावर दहा प्रश्न होते. इंद्रसिंगच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी त्या खुर्चीत बसून उत्तरं लिहिली. तपासून पाठव.

बर्फाला उष्णता दिली तरी तो वितळेपर्यंत तापमान का वाढत नाही. उत्तर: बर्फ त्या वेळी पातळ होण्यात गुंतलेला असतो, त्याला तापायला सवड नसते.

फ्यूज कशाला लावतात. उत्तर: मोटार जळू नये म्हणून. आपल्या विहिरीवर मी फ्यूजच्या जागी जाड तार बांधली आहे. हे चूक आहे हे मला ठाऊक आहे.

आनुवंशिकता म्हणजे काय, उदाहरणासह. उत्तर: आईबापाचे गुण पोरात येणे. उदाहरण: मी विसाव्या वर्षी कांद्याच्या ट्रकवर क्लीनर होऊन कुणाला न सांगता इंदूरपर्यंत गेलो होतो. चार महिने. तुझ्या आजोबांनी मला परत आणून बसवलं. तुम्हा पोरांना हे सांगितलेलं नाही.

बाकीची सात उत्तरं मागे आहेत, त्यांत दोन मला येत नव्हती, ती जागा कोरी सोडली.

त्याचं प्रवेशपत्र मी काल शाळेतून सही करून घेतलं. तो अजून जेठ्याबरोबर नर्मदेकडेच आहे हे रूपचंदशेठने फोनवर सांगितलं. तो बोटीतून उतरला की कुठे येईल ते जेठ्याच्या घरून विचारलंय, मी स्वतः मोटारसायकलने नेऊन देतो. आखाजीला खुर्चीचं बघू. निकाल लागेपर्यंत मी बसेन तिथे, गादी मऊ आहे.

तुझी परीक्षा नीट दे. तू पहिली, मग तो.

चुडामण

ता. क. विहिरीवर फ्यूज लावून घेतला.


धानोरा, खताचं दुकान (गिऱ्हाईक म्हणून)
मेचा दुसरा आठवडा, निकालाचा दिवस

चि. काजल हिस,
खांडबाऱ्याला निर्मलाच्या घरी आंबे खात बसलेल्या बहिणीस अ. उ. आ.

तुझा एक्क्याण्णव मी सगळ्या गावाला सांगितला, माझा नंतर, हळू आवाजात. एकोणचाळीस. काजल, पस्तीस लागतात, मला चार जास्त मिळाले, ते चार मी कुठे ठेवू कळेना. आबांनी इंद्रसिंगकाकांच्या संगणकावर तीन वेळा क्रमांक टाकून बघितला, तिसऱ्यांदा चष्मा पुसून. मग बाहेर ओट्यावर गेले आणि समोरून जाणाऱ्या उखाला सांगितलं की मन्हा पोऱ्या पास व्हई गया. उखा म्हणाला, मीठ घ्यायला चाललोय, परत येताना पेढा घेतो.

तुला त्या दिवशीचं सांगितलंच नाही. मी बोटीतून उतरलो तर काठावर आबा, मोटारसायकलवर, धुळीने पांढरे, खिशात प्रवेशपत्र. मला वाटलं पहिली चपराक. त्यांनी विचारलं, बोटीत मळमळतं का. मी नाही म्हणालो. मग त्यांनी मला गाडी चालवायला दिली आणि स्वतः मागे बसले, आणि अक्कलकुवा येईपर्यंत इंदूरच्या रस्त्यावरचे ढाबे सांगत राहिले. मुक्तपतनाच्या प्रश्नाला मी मोबाइलचंच उदाहरण लिहिलं, पेपरात. सनईवाला गाळला.

आयटीआयचा अर्ज आजच भरला. दोन वर्षं एका जागी राहायचंय हे तू लिहिशील, त्याआधी मीच लिहितो. तारा तर सगळीकडे जातात.

खुर्ची अजून आबांकडेच आहे, आणि सुरतेचं पुस्तकही. सतराव्या पानापासून सुरुवात केलीय. मी दर आठवड्याला दहा प्रश्न काढून देतो, ते खताच्या पावत्यांमागे उत्तरं लिहितात. हृदयाचे कप्पे विचारले तर त्यांनी चार काढले आणि एकाच्या पुढे मायचं नाव लिहिलं. मायने ते वाचलं आणि तपासणाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, असं पाहिलं की मला ते बरोबरच द्यावं लागलं.

या आठवड्यात आबांना दहापैकी सहा. अर्धा गुण मी अक्षराचा कापला, तुझ्या पद्धतीने. त्यांना ते मान्य नाही. फेरतपासणीसाठी पेपर तुझ्याकडे पाठवायचा म्हणतात, सोबत जोडलाय.

आंबे दोन ठेव, लोभ सगळा ठेव.
तुझा पास झालेला,
ललितदादा