सभा वर, मी खाली

राजाजीनगर, ९ जून २०२५

तीर्थरूप अण्णांस संहिताचा शि. सा. न.

इकडे क्षेम. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

काल वॉर्डाच्या सभेला गेले होते. फुटपाथ उखडल्यापासून माझी व्हीलचेअर भर रहदारीतून न्यावी लागते, तेच मांडायचं होतं. सभा दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. इंजिनिअर म्हणाले, शिपाई उचलून नेतील, स्वल्प ॲडजस्ट करा. मी म्हटलं, "मी नागरिक म्हणून आलेय, सामान म्हणून नाही." सभा वर झाली, मी जिन्याशी बसून राहिले.

आज वकील यशश्रीला भेटले. पालिकेविरुद्ध उच्च न्यायालयात रिट दाखल करतेय. रागवा हवं तर, पण अडवू नका.

या बातमीनंतरही लोभ टिकावा.
संहिता

म्हैसूर, ४ ऑगस्ट

चि. संहितास अ. उ. आ.

तिकडच्या आपल्या घराच्या ओसरीवर पालिकेने बेकायदा बांधकामाची नोटीस चिकटवली, हे मला शेजाऱ्यांकडून कळावं? बाबांनी ती रीतसर परवानगीने बांधली होती. वॉर्ड ऑफिसातल्या एका अधिकाऱ्याने मला फोन करून सांगितलं, बहिणीने केस मागे घेतली तर नोटीसही मागे घेऊ.

कॅरममध्ये हरलीस तरी तू बोर्ड सोडायची नाहीस, हे ठाऊक आहे. तरी सांगतो, घे मागे. मला तुझ्यासाठी भीती वाटते. चार दिवस इकडे ये, वहिनी चिरोटी करणार आहे.

तुझ्या काळजीतला,
अण्णा

राजाजीनगर, ९ ऑगस्ट

तीर्थरूप अण्णांस शि. सा. न.

मागे घेणार नाही. ओसरी पाडली तर उघड्यावर बसेन.

त्या अधिकाऱ्याने फोनवर जे सांगितलं, ते तुम्ही कोर्टात शपथेवर लिहून द्याल का? नाही म्हणालात तरी चिरोटी खायला येईनच.

वहिनींना नमस्कार, तुमच्यावर भरवसा.
संहिता

राजाजीनगर, १७ नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णांस शि. सा. न.

तुम्ही प्रतिज्ञापत्र दिलंत, वर सुनावणीला येऊन माझ्या शेजारी बसलात. पालिकेच्या वकिलांनी तुमच्याकडे रोखून पाहिलं, तेव्हा तुम्ही मान खाली घातली नाहीत. नोटीस रद्द झाली ती तुमच्यामुळे.

कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे काल सभा तळमजल्यावर, गाड्या लावतात तिथे झाली. जिना चढवत नाही म्हणून कधीच न आलेले कितीतरी लोक आले होते. काठी टेकत आलेल्या एक आजी तर माझ्याआधी बोलल्या. मी फुटपाथचं विचारलं. इंजिनिअर म्हणाले, फाइल वर पाठवली आहे.

मी म्हटलं, "सरी, ठीक आहे. ती खाली मागवा. मी इथेच बसलेय."

आजींनी आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग एकेक करत सगळेच आमच्याभोवती ठाण मांडून बसले.

असाच पाठीशी लोभ असू द्या.
तुमची हट्टी,
संहिता